दुसरी किल्ली

आमच्या भांडुपला शिवाजी तलावाच्या काठी संध्याकाळी पेन्शनरांचा एक घोळका जमतो. कुणी गाढव नाक्याकडून येतो, कुणी टेंभीपाड्यातून, कुणी कोकणनगरातून. बहुतेकांचे आयुष्य लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांच्या भोंग्यावर गेलेले. माझ्यासारखा बँकेतला एखादाच. राजकारण, मधुमेह आणि गावच्या घराची कौले हे तीन विषय संपले की मंडळी उठतात. या घोळक्यातले नाना गेल्या पावसाळ्यात अचानक यायचे बंद झाले. आधी वाटले, गावी गेले असतील. पण गणपतीला अजून अवकाश होता, आणि त्यांच्या गॅलरीत रोज धोतर वाळत पडलेले दिसे.

अकराव्या दिवशी रात्री दहा वाजता ते माझ्या दारात उभे राहिले. बसायला सांगितले तरी बसेनात. म्हणाले, "साहेब, मुलाक सांगू नकात."

घडले होते ते असे. मुलगा पनवेलला राहायला गेला तेव्हा त्याने आपला जुना संगणक वडिलांकडे ठेवला. नाना त्यावर दुबईतल्या पुतण्याला ई-मेल करीत आणि दुपारी दशावतारी नाटके पाहात. अशाच एका दुपारी नाटक शोधता शोधता सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला, आणि 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, तो बंद करू नका, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा' अशा अर्थाचा मजकूर आला. नानांनी फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय सौजन्याने बोलला. "साहेब, तुमका खरा सांगतंय," नाना म्हणाले, "चाळीस वर्सां कारखान्यात काढलंय, पण माका कोणी सर म्हटला नाय. तो दर वाक्याक सर म्हणी."

त्या माणसाने एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगितला. त्याने त्याला नानांचा पडदा दिसू लागला आणि माऊसही त्याच्या हातात गेला. मग तासभर 'सफाई' झाली. सफाईचे चारशे नव्व्याण्णव रुपये झाले. ते भरताना बँकेचे पान उघडले. मग म्हणे पडदा काही वेळ काळा राहील, घाबरू नका, आणि मोबाईलवर येईल तो नोंदणी क्रमांक वाचून दाखवा. नानांनी तो वाचून दाखवला. दोनदा. काळ्या पडद्याआड त्यांची चार लाख ऐंशी हजारांची मुदत ठेव मोडून बचत खात्यात आली आणि तिथून निघून गेली. फोन ठेवताना तो माणूस "हॅव अ नाइस डे, सर" म्हणाला. नानांनीही "थँक्यू" म्हटले. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज गेला.

हा प्रसंग मी त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे, त्यांची ओळख लागेल असे तपशील बदलून. लिहिण्याचे कारण असे, की नानांची हकिगत ऐकून घोळक्यातल्या एकाने जे म्हटले, तेच बहुतेक वाचक मनात म्हणतील: "एवढेही कळू नये?" मी चौतीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. माझे मत असे की प्रश्न कळण्या-न कळण्याचा नाही. उत्तम कळणाऱ्या माणसाला एकट्याने पैशापाशी उभे करायचे नाही, हा बँकव्यवहाराचा पहिला धडा होता. तो आम्ही शाखेत पाळला आणि घरी पोचवायला विसरलो.

मी १९८३ साली कारकून म्हणून लागलो तेव्हा स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असत. एक हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे, आणि दोन्ही किल्ल्या एका माणसाच्या खिशात रात्र काढणार नाहीत याची काळजी घेतली जाई. चेक आला की एकाने खतावणीत नोंद करायची, सही स्पेसिमेन कार्डाशी ताडून दुसऱ्याने तो पास करायचा आणि पैसे तिसऱ्याने द्यायचे. रक्कम मोठी असली तर आणखी एक सही. पैसे पाठवण्याची तार आली तर तारेतला गुप्त आकडा जमवून पाहिल्याखेरीज एक पैसाही खात्यावर पडत नसे. गिऱ्हाईक काउंटरपलीकडून "अहो, किती वेळ?" म्हणून ओरडे, आम्हीही कातावत असू. पण त्या दिरंगाईत एक शहाणपण होते. हेड कॅशियर प्रामाणिक असला तरी दुसरी किल्ली असेच. तिच्यात त्याचा अपमान नव्हता. उलट काही कमी-जास्त झाले तर तोच आधी म्हणे, "दोघांनी मिळून उघडले होते."

पुढे संगणक येणार अशी आवई उठली. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला. आम्ही काळ्या फिती लावल्या, मोर्चे काढले. नोकऱ्या जातील ही आमची भीती होती. घोषणा मीही दिल्या. आज मागे वळून पाहताना हसू येते, कारण जे खरोखर जाणार होते त्याबद्दल आमच्या एकाही पत्रकात अवाक्षर नव्हते. शाखेत संगणक आला तेव्हा दोन सह्यांची जागा दोन पासवर्डांनी घेतली, तिथवर ठीक होते. पण इंटरनेटवरून बँक घरात शिरली तेव्हा काउंटर आला, खतावणी आली, स्ट्राँगरूमसुद्धा आली. दुसरी किल्ली तेवढी बाहेर राहिली. नाना त्या दुपारी स्वतःच कारकून होते, स्वतःच पासिंग ऑफिसर होते आणि कॅशियरही स्वतःच. मोबाईलवर येणारा सहा आकडी क्रमांक म्हणजे दुसरी किल्ली असे बँका म्हणतात. तीही त्याच माणसाच्या हातात. याला आमच्या काळी इन्स्पेक्शनवाल्याने लाल शाईचा शेरा मारला असता.

आणि पलीकडचा माणूस? तो कोण असतो, याची एक झलक ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्याला मिळाली होती. भांडुपच्या डोंगरापलीकडे, बोरिवलीच्याही पुढे, मीरा रोडला ठाणे पोलिसांनी काही कॉल सेंटरांवर धाड घातली आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना एका रात्रीत ताब्यात घेतले. ही मुले अमेरिकेतल्या लोकांना फोन करीत. आपण तिथल्या प्राप्तिकर खात्यातून बोलतो आहोत, तुमचा कर थकला आहे, आत्ता भरला नाही तर पोलीस दाराशी येतील, असे सांगत. घाबरलेला माणूस दुकानात जाऊन गिफ्ट कार्डे विकत घेई आणि त्यांचे क्रमांक फोनवर वाचून दाखवी. मुलांना काय बोलायचे ते लिहून दिलेले असे, अमेरिकन उच्चारांची तालीम दिलेली असे. अमेरिकेत याच्याशी संबंधित खटला चालला आणि २०१८ साली ह्यूस्टनच्या न्यायालयाने एकवीस जणांना शिक्षा सुनावल्या, त्यात वीस वर्षांपर्यंतचा तुरुंगवास होता. 

कादंबरीकार म्हणून मला या प्रकरणातले ते लिहून दिलेले संवाद फार विचारात पाडतात. ज्याने ते लिहिले त्याला माणूस कळत होता. ओहायोतली निवृत्त शिक्षिका आणि भांडुपचे नाना या दोघांना एकच वाक्य लागू पडते, हे त्याने ओळखले होते. आधी भीती घालायची, मग आधार द्यायचा, आणि मधे श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही. 'फोन ठेवू नका' आणि 'कुणाला सांगू नका' ही दोन वाक्ये त्या संवादाचा कणा असतात. अलीकडे 'डिजिटल अरेस्ट' नावाने जे चालते, ज्यात खोटा पोलीस अधिकारी व्हिडिओ कॉलवर माणसाला दिवसचे दिवस घरात बसवून ठेवतो, ते याच नाटकाचे मोठे रूप. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पण ज्याने आयुष्यभर पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, त्याला हे कोण सांगणार? त्याला तर फोन ठेवायचीच बंदी असते.

बँका तरी कुठे सुटल्या? पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, ब्रिटिशांच्या राज्यात स्थापन झालेली. एटीएममध्ये आपण कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते, या माणसाच्या खात्यात पैसे आहेत का? तिकडून होकार आला की नोटा बाहेर येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी या दोघांच्या मधे आपला एक तोतया बसवला. यंत्राने विचारलेला प्रश्न बँकेपर्यंत पोचेचना. मधला तोतयाच प्रत्येक वेळी 'हो' म्हणे. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत अठ्ठावीस देशांतून बनावट कार्डांवर सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातूनही अडीच कोटी गेले, त्यात कोल्हापूरची एटीएमेही होती. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठवले गेले. एकूण ९४ कोटी. खातेदारांची शिल्लक शाबूत राहिली, फटका बँकेला बसला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा आरोपींना दोषी ठरवले. शनिवार-रविवार गाठून चोरी करायची ही युक्ती मात्र स्ट्राँगरूम फोडणाऱ्यांनाही ठाऊक होती.

त्याच्या दोन वर्षे आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून जवळजवळ एक अब्ज डॉलर काढण्याचा प्रयत्न झाला. चोर आत शिरले होते ते नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याच्या साध्या ई-मेलमधून. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले. पण श्रीलंकेला निघालेले दोन कोटी मधल्या एका बँकेत अडले, कारण संस्थेच्या नावातल्या 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते आणि कुणीतरी थांबून विचारले, हे बरोबर आहे का? त्या 'कुणीतरी'ला मी मनोमन सलाम करतो. शाखेत असे एक खडूस गृहस्थ नेहमी असत. चेकवरच्या अक्षरी रकमेत काना राहिला तरी परत पाठवीत. आम्ही त्यांची टिंगल करीत असू.

तेव्हा घरात हा खडूस माणूस कुठून आणायचा, एवढाच खरा प्रश्न आहे.

पडद्यावर आलेल्या क्रमांकावर फोन करायचा नाही, ही गोष्ट मी नानांच्या संगणकाशेजारच्या भिंतीवर जाड अक्षरात लिहून चिकटवली. कुठलीही कंपनी तुमच्या पडद्यावर भोंगा वाजवून आपला फोन नंबर देत नाही. असा लाल पडदा म्हणजे बहुतेक वेळा वेबसाइटचे एक पान असते, दुसरे काही नाही. ते बंद होत नसेल तर सरळ बटण दाबून संगणक बंद करावा. 'बंद करू नका' असे जिथे लिहिले असेल तिथे तर हटकून बंद करावा. तसेच बँकेच्या नावाने आलेल्या ई-मेलमधल्या दुव्यावर न जाता पत्ता आपण स्वतः टाइप करावा. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सर्व बँकांना आपले संकेतस्थळ 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीच्या पत्त्यावर न्यायला सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत घातली. ही शेपटी बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. पण पत्ता उजवीकडून वाचायची सवय हवी. 'डॉट बँक डॉट इन' मधेच कुठेतरी घालून पुढे भलतेच शेपूट जोडणारे निघतीलच.

एक गोष्ट मात्र फार लोकांच्या ध्यानात येत नाही. माणसे बँकेचा पासवर्ड जिवापाड जपतात आणि ई-मेलचा पासवर्ड नातवाच्या नावाचा ठेवतात. पण कुठलाही पासवर्ड विसरला की नवा करण्याचा दुवा बहुधा ई-मेलवरच येतो. म्हणजे सगळ्या किल्ल्या जिथे नव्याने घडवून मिळतात, तो चावीवाला आपल्या ई-मेलमध्ये बसला आहे. त्याचा पासवर्ड सर्वांत लांब आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला हवा, आणि नव्या ठिकाणाहून तो उघडताना मोबाईलवर विचारणा व्हावी अशी सोय चालू ठेवायला हवी. लक्षात राहात नसेल तर वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. हे ऐकून संगणकातले तरुण दचकतात. पण भांडुपच्या माझ्या कपाटातली वही वाचायला परदेशातला चोर यायचा नाही. वही मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवू नये, इतकेच.

मुलांनी टाकून दिलेले संगणक आईवडिलांकडे येतात, त्याचाही विचार व्हावा. नानांच्या संगणकावर विंडोज १० होते. मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. दाराचे कुलूप जुने झाले की बदलतात, तसेच हे. बाकी अँटिव्हायरस, फोटोंची वेगळी प्रत वगैरे गोष्टी पनवेलच्या मुलाने एका रविवारी करून दिल्या.

हो, मुलाला सांगितले. तेच खरे अवघड काम होते. नानांना पैशापेक्षा जास्त टोचत होते ते हे, की पोरगा आता आपल्याला संगणकाला हात लावू देणार नाही, खाते स्वतःच्या ताब्यात घेईल. त्या भीतीने त्यांनी अकरा दिवस घालवले. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत पळवला जातो, त्याला अडवायचे तर पहिल्या काही तासांतच. त्यासाठीच १९३० हा क्रमांक आहे. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या बँकेत पोचले असतील तिथे ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातही सगळे गणित दिवसांचे आहे. चूक ना बँकेची ना खातेदाराची, अशा चोरीत तीन कामाच्या दिवसांत कळवले तर खातेदारावर काहीच बोजा नाही. मात्र गुप्त क्रमांक खातेदारानेच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. नानांनी पोलिसांत तक्रार नोंदवली. नशिबाने एका खात्यात बासष्ट हजार अडकून राहिले होते. तेवढे परत मिळण्याची आशा आहे.

मुलाने काय केले? तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बाबा, मला त्याच दिवशी फोन का नाही केलात?" ओरडला नाही. सगळ्याच घरी असे होत नाही. 'एवढेही कळू नये' हे वाक्य घरात एकदा उच्चारले गेले की पुढच्या वेळी बातमी अकरा दिवसांनीही मिळत नाही. चोराने सांगितलेले 'कुणाला सांगू नका' आपणच पुरे करतो.

आता माझे सांगतो, कारण ते न सांगता हा लेख संपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच नोव्हेंबरात मला ई-मेल आला, की हयातीचा दाखला पोचलेला नाही, उद्यापासून पेन्शन थांबेल. पेन्शनरांचे दाखले नोव्हेंबरातच द्यायचे असतात, त्यामुळे शंका आली नाही. दुवा उघडला, खाते क्रमांक भरला, जन्मतारीख भरली. पुढे कार्डाचा पिन मागितला होता. मी चष्मा पुसून बोट उचलले, तेवढ्यात भाजी निवडत बसलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हयात असल्याच्या दाखल्याला पिन कशाला लागतो? काउंटरवर लोकांना तुम्हीच सांगायचात ना, कुणाला देऊ नका म्हणून?" मी संगणक बंद केला आणि बँकेत जाऊन कार्ड बदलून घेतले. ही गोष्ट मी घोळक्यात कधीच सांगितली नव्हती. बँकेतला माणूस म्हणून तिथे मान होता ना. सांगितली असती, तर नानांनी लाल पडदा पाहून कदाचित आधी मला हाक मारली असती. ते काही मनातून जात नाही.

त्यामुळे बँकांकडे माझे एक मागणे आहे. दर आठवड्याला 'ओटीपी सांगू नका' असा संदेश पाठवून जबाबदारी झटकण्यापेक्षा, मागेल त्या वृद्ध खातेदाराला दुसरी किल्ली द्या. ठरावीक रकमेच्या वर पैसे जायचे असतील किंवा घरबसल्या मुदत ठेव मोडायची असेल, तर त्याने नेमून दिलेल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवर विचारणा जाऊ द्या, नाहीतर चोवीस तास थांबा. दोघांच्या सहीने चालणारे खाते ही बँकांतली फार जुनी सोय. पण असे खाते मागितले की इंटरनेटवर बहुधा फक्त शिल्लक पाहता येते. म्हणून मग लोक सोयीसाठी 'दोघांपैकी कुणीही' असे लिहून मोकळे होतात. पूर्वी काउंटरवरचा कारकून सत्तरीच्या माणसाला ठेव मोडताना विचारी, "काका, अचानक का? घरी काही अडचण?" तो प्रश्न कुठल्याही नियमात नव्हता, पण त्याने कित्येकांच्या ठेवी वाचल्या. तो यंत्राकडून विचारला जाणार नाही हे मान्य. निदान चोवीस तास तरी विचारू द्या.

तोवर नानांनी आणि मी आमच्यापुरती सोय केली आहे. पैशाचा शब्द असलेला कुठलाही ई-मेल आला की एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. दिवसा असो की रात्री. मुलालाही ते पसंत पडले. परवा रात्री साडेनऊला नाना धापा टाकत दोन जिने चढून आले. महावितरणच्या नावाने बिल थकल्याचा ई-मेल होता, वीज तोडू म्हणत होते. 'आज रात्री वीज तोडणार' अशा फसव्या निरोपांनी पूर्वी पुष्कळांना गंडवले आहे, त्यामुळे मीही सावरून बसलो. दुव्याला हात न लावता आम्ही कपाटातून गेल्या महिन्याचे कागदी बिल काढले, ग्राहक क्रमांक एकेक आकडा जुळवला, मग पत्ता स्वतः टाइप करून महावितरणचे पान उघडले.

बिल खरेच थकले होते. नाना भरायलाच विसरले होते.